पत्रिकांचा कॉम्प्युटर

“काका, तुमची विंडोज कवाच वारली. तुमी तिच्या नावाला कै. लावला नाय, एवढंच.”

मी पार्टिशनच्या मागे बसून लग्नपत्रिकांना गोंडे बांधत होते. प्लायवूडच्या त्या पार्टिशनला एक भोक आहे. पूर्वी तिथून वायर जायची. खुर्चीत बसलं की ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतं आणि त्यातून दुकानाचा पुढचा सगळा भाग दिसतो: पप्पांची पाठ, कॉम्प्युटर, काउंटर, काउंटरपलीकडचं बाकडं. आत्ता पप्पांच्या शेजारी स्टुलावर कॉम्प्युटरवाला दादा बसला होता. तो दर सोमवारी आणि गुरुवारी मुरबाडहून मोटारसायकलवर येतो आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानांची मशीनं बघतो.

“कै. लावायचं काम आमच्यात पोरीकडं हाय,” पप्पा म्हणाले.

दोघंही हसले. मी गोंड्याची गाठ जरा जोरातच ओढली आणि दोरा तुटला.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पप्पांचं टायपिंगचं दुकान आहे. एरवी ते अर्ज, बॅनर, वास्तुशांतीची निमंत्रणं असं सगळंच घेतात, पण तुळशीचं लग्न जवळ आलं की दुकानात पत्रिकांशिवाय काही सुचत नाही. त्याच दिवसांत पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखलेही असतात. माणूस अजून जिवंत आहे हे वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं. हल्ली ते ऑनलाइन अंगठा लावून होतं, म्हणून पप्पांनी त्या आठवड्यात हौसेने अंगठ्याचं मशीन आणलं होतं. पण आमच्या कॉम्प्युटरने त्याला ओळखच दाखवली नाही. सरकारी साइटही अर्धी उघडून पांढरी व्हायची. विंडोज फार जुनी झाली आहे, तिच्यावर आता यातलं काहीच चालणार नाही, असं दादाचं निदान होतं.

“नवीन टाकू. दोन तासांचा काम हाय. टेन्शन नका घेऊ.”

“नि माझ्या पत्रिका?”

“सगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो ना. एक पण जानार नाय.”

पप्पांनी मान वळवून पार्टिशनकडे बघितलं. त्यांना ते भोक माहीत आहे. “पोरीला विचारतो. इंग्रजी तिला समजतं. ती सांगेल तसं.”

“मग गुरुवारी येतो,” दादा म्हणाला. “पन ताई बोलतील का गुरुवारपर्यंत?”

मला इंग्रजी समजतं हे खरं आहे. ज्युनियर केजीपासून पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. आता मी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते आणि दुपारी दुकानात बसते. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की पप्पा हाक मारतात, “काय म्हणतो गो हा?” मी भोकातून वाचते आणि म्हणते, “काही नाही, ओके करा.” दुकानात माझ्या तोंडून दिवसभरात निघणारं हे सगळ्यात मोठं वाक्य. गिऱ्हाइकांना मी मुकी वाटते. एकदा किन्हवलीच्या एका मावशींनी माझ्या समोरच पप्पांना विचारलं होतं, “हिला ऐकायला तरी येतं ना?” पप्पा म्हणाले, “सगळं येतं. तेच तर वांदे हायत.”

आता या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. त्याच्या मागच्या बाजूला खडूच्या तुकड्याएवढं एक लॉक खोचलेलं आहे. ते काढलं की पप्पांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी कधीच गाशा गुंडाळला. सॉफ्टवेअर जुनं, अक्षरं जुनी, आणि पप्पांची बोटंही त्याच्यासारखीच घडलेली. ते टाइप करताना कीबोर्डकडे बघत नाहीत, पडद्याकडेही नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसतात आणि बोटं खाली आपापलं काम करतात. ‘चि. सौ. कां.’ तर अशा वेगाने उमटतं, जणू ती एकच कळ आहे.

आणि त्यात फोल्डर आहेत, गावांच्या नावांचे. सापगाव, धसई, किन्हवली, डोळखांब. प्रत्येक फोल्डरमध्ये घरं. आमच्याकडे कोणी नवीन पत्रिका करून घेत नाही. येताना घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतात आणि म्हणतात, “हिच्यावरनंच करा.” कारण पत्रिकेत सगळ्या भावकीची नावं असतात आणि कोणाचं नाव कोणाच्या वर हे एकदाच, फार भांडून, ठरलेलं असतं. ते पुन्हा ठरवायची कोणाची तयारी नसते. मग पप्पा जुनी फाइल उघडतात आणि मधल्या वर्षांत जे झालं तेवढंच बदलतात. मागच्या वेळची नवरी आता नवऱ्यासकट ‘आपले विनीत’मध्ये जाते. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की या’च्या खाली दोन नवी लाडाची नावं येतात. कोणाच्या तरी नावाआधी कै. लागतो, तेव्हा गिऱ्हाईक आवाज थोडा खाली आणतं आणि पप्पाही ती कळ जरा हळू दाबतात.

गेल्या वर्षी पप्पा तापाने घरी होते तेव्हा सापगावच्या एका घरची पत्रिका मी केली. मला पप्पांसारखं टाइप करता येत नाही, पण फाइल उघडून एक कै. लावायचा होता, एवढं जमण्यासारखं होतं. नवरदेवाचा काका आला होता. तो म्हणाला, “मोठ्या आजोबांना कै. लावा,” आणि घाईत निघाला. यादीत आजोबांच्या पिढीतली दोन नावं होती, दोघे भाऊ. मी त्याला हाक मारून विचारायला हवं होतं, कोणते? एकाच शब्दाचा प्रश्न. तो काउंटरपासून वळून चपला घालत होता तेवढ्या वेळात विचारून झाला असता. मी विचारलं नाही. वर ज्यांचं नाव आहे तेच मोठे असणार, असं धरलं.

पण वर नाव होतं ते नवरदेवाच्या सख्ख्या आजोबांचं. ते धाकटे. वरचं नाव मानाचं होतं, वयाचं नव्हतं. आमच्या फायलींत हे सगळीकडे असंच आहे आणि लहानपणापासून त्या भोकाशी बसून मला ते माहीत असायला हवं होतं. प्रूफ बघायला नवरदेव स्वतः आला. त्याने आपलं नाव वाचलं, नवरीचं वाचलं, आपल्या मामाचं आहे ना ते बघितलं आणि सही केली. पत्रिका छापून झाल्या, गावात अर्ध्या वाटून झाल्या, आणि एका सकाळी ते आजोबा स्वतःच दुकानात आले. डोक्यावर टोपी, हातात पत्रिका.

“मी मेलो कवा, मना तरी सांगाचा होता. बारावा तरी जेवलो असतो.”

पप्पांनी पत्रिका हातात घेऊन वाचली. मी पार्टिशनच्या मागेच बसून राहिले. आजोबा बाकड्यावर बसले, पाणी प्यायले, चहाही घेतला आणि ज्याने पत्रिका केली त्याला बघायचंय म्हणाले. पप्पांनी मला हाक मारली. मी उठले नाही. शेवटी पप्पांनीच हात जोडले. मग त्यांनी आणि मी उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर त्या कै.च्या जागी सोनेरी कलशाचं छोटं स्टिकर लावलं आणि खालच्या नावाला पेनाने कै. लिहिला. मांडवात म्हणे लोकांनी विचारलं, आजोबांच्याच नावाला कलश का? आजोबा म्हणाले, “मान हाय माझा.”

तेव्हापासून ते बाजाराला आले की दुकानाशी थांबतात, पार्टिशनकडे बघतात आणि मोठ्याने विचारतात, “काय गो पोरी, हाय ना मी आज?” पप्पा हसतात. मी आत गोंडे मोजत बसते. ते रागावलेले नाहीत हे मला कळतं. त्यामुळेच जास्त अवघड होतं.

तर गुरुवारपर्यंत मला ठरवायचं होतं.

पेन ड्राइव्हवर घेतल्या की एकही पत्रिका हरवणार नाही असं दादा म्हणाला होता, ते खोटं नव्हतं. मी सोमवारीच सापगावची एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितली. त्यात विंडोज नवीच आहे. फाइल उघडली. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, पौंडाची खूण, कंस. सगळी भावकी तिथेच होती, वरखाली कोणी झालं नव्हतं, फक्त कोणीच ओळखू येत नव्हतं. पप्पांचं सॉफ्टवेअर टाकायला गेले तर ते लॉक मागायला लागलं, आणि लॉक लावलं तरी ते त्याला दिसेना. दादाला मी मेसेज केला. बोलण्यापेक्षा मला ते बरं पडतं. त्याचं उत्तर आलं: “ताई, नवीन टायपिंग शिकून घेतील काका. जुन्या फायली परत टाइप करू. हळूहळू होईल.” पुढे अंगठ्याचं चित्र.

त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ बघत बसले. हळूहळू म्हणजे केव्हा? लग्नं तर पंधरा दिवसांवर आलेली.

बुधवारी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले तर पप्पा माझ्या जागेवर, पार्टिशनच्या मागे बसलेले. मी तिथे ठेवून गेलेला लॅपटॉप त्यांनी उघडला होता. शेजारी वहीच्या पानावर त्यांनी हाताने कीबोर्ड काढला होता आणि प्रत्येक चौकोनात एक मराठी अक्षर लिहिलं होतं. एका बोटाने ते कळा शोधत होते. जीभ जराशी बाहेर आलेली. पडद्यावर ‘मु. पो. सापग’ इतकं झालं होतं. मग ते वही बघायचे, मग कीबोर्ड, मग पुन्हा वही. त्यांनी मला बघितलं नाही. मी तशीच उलटी वाकून बाहेर गेले आणि डबा जोरात वाजवत पुन्हा आत आले.

“तुझा अभ्यास बघत होतो,” पप्पा म्हणाले आणि वही शर्टाच्या खिशात कोंबली.

म्हणजे त्यांचं ठरलं होतं. मला नवी विंडोज हवी असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी त्या काकाला ‘कोणते?’ असं विचारलं नव्हतं, तसं त्यांनीही मला विचारलं नव्हतं.

आणि मी? प्रामाणिकपणे सांगायचं तर उत्तर मला सोमवारीच माहीत झालं होतं. पत्रिकांचा कॉम्प्युटर आहे तसा ठेवायचा आणि त्याचं नेट काढून टाकायचं. नेट नसेल तर जुन्या विंडोजला बाहेरून काही चिकटायची भीती जवळजवळ उरत नाही, पेन ड्राइव्ह तेवढे जपून लावायचे. अंगठ्याचं मशीन माझ्या लॅपटॉपला पहिल्या झटक्यात चाललं, तेही मी बघून ठेवलं होतं. इतकं सोपं होतं. पप्पांना ते सुचलं नाही कारण लॅपटॉप माझ्या अभ्यासाचा आहे आणि त्यांच्या मते त्याला हात लावायचा नसतो, बुधवारची दुपार सोडून. दादाला सुचलं नाही कारण त्याने एकच कॉम्प्युटर बघायला घेतला होता.

मला सुचलं आणि मी बोलले नाही. कारण लॅपटॉप पार्टिशनच्या मागे ठेवून दाखले होत नाहीत. तो पुढे काउंटरवर लागतो आणि त्याच्याबरोबर मीही लागते. म्हातारी माणसं येणार, त्यांचा अंगठा उमटणार नाही, मग तो पुसायला सांगायचं, पुन्हा दाबायला सांगायचं, कोणत्या खात्यात होतात, बँक कोणती, फोन कोणाचा, हे सगळं तोंड वर करून विचारायचं. तीन दिवस मी पप्पांची बोटं एका बाजूला आणि माझं ते भोक दुसऱ्या बाजूला ठेवून बसले होते. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की मी अजून विचार करते आहे.

गुरुवारी दादा लवकर आला. त्याच्या आधीच धसईहून एक जण येऊन बसला होता. धाकट्या मुलीचं लग्न, हातात थोरलीची पत्रिका, चार वर्षं देवघराच्या फळीवर ठेवल्याने कुंकू लागलेली.

“हिच्यावरनंच करा,” तो म्हणाला. “फक्त थोरल्या जावयाला आत घ्या. नि आमच्या आईला...” तो थांबला. आवाज खाली आला. “आईला कै.”

पप्पांनी त्याच्याकडे बघतच ती कळ दाबली, हळू.

“कवा झालं?”

“आखाजीला.”

“पोरीचं लग्न बघायचं होतं त्यांना. मागच्या टायमाला बोलल्या होत्या इथं बसून.”

“तुमच्या ध्यानात हाय?” माणूस म्हणाला.

“त्यांनीच तर मामाचं नाव वर घ्यायला लावलं होतं. तुमी नाय म्हणत होते.”

माणूस एकदम हसला आणि मग रुमालाने नाक पुसलं. दादा स्टुलावर पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत होता. “काका, आटपा. एकदा सुरू केला का मधी थांबवता येत नाय.”

एवढ्यात बाकड्यावर काठी आपटली. सापगावचे आजोबा. ते पूर्वी शाळेत शिपाई होते, त्यांना पेन्शन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दाखल्यासाठी सोमवारपासून ही त्यांची दुसरी खेप होती.

“माझा काय ते करा रे बाबा. पत्रिकेत मारलात, आता सरकारात पण मारता का?”

“आजच करतो आजोबा,” दादा म्हणाला. “ही विंडोज टाकली का लगेच तुमचा अंगठा. ताईंनी हो म्हटलं पायजे फक्त.” तो पार्टिशनकडे वळला. “ताई, काय ठरला?”

“ती काय बोलनार,” आजोबा म्हणाले. “मी मेलो तवा पण नाय बोलली.”

धसईचा माणूस हसला, दादा हसला. पप्पा हसले नाहीत. त्यांनी फाइल सेव्ह केली आणि खुर्ची थोडी मागे घेतली. पण बोटं कीबोर्डवरच राहिली, वाकडी, टाइप करताना असतात तशी. खिशातून वहीच्या पानाचं टोक दिसत होतं.

“बोल गो,” ते म्हणाले. “तू सांगशील तसं. मी शिकेन.”

मी उठले. लॅपटॉप घेतला, अंगठ्याचं मशीन घेतलं आणि पार्टिशनच्या बाजूने बाहेर आले. गोंड्यांची परडी पायाला लागून सांडली. काउंटरवर स्टेपलर, गोंदाची बाटली आणि पप्पांचा चष्म्याचा डबा होता, ते सगळं मी कोपराने बाजूला सारलं. चौघंही माझ्याकडे बघत होते. भोकातून बघताना माणसं इतकी मोठी दिसत नाहीत.

“याला हात लावायचा नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, रस्त्यावरच्या एका बाईनेही वळून बघितलं. “हा पत्रिकांचा आहे, पत्रिकांनाच राहू दे. दादा, त्याची नेटची वायर काढा आणि इकडे द्या. पप्पा, खुर्ची पुढे घ्या, त्यांचं व्याह्यांचं नाव राहिलंय. दाखले मी करते. इथे बसून.”

दादाच्या बोटांतला पेन ड्राइव्ह फिरायचा थांबला. पप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मागे त्यांच्या कळा पुन्हा वाजायला लागल्या.

“अरे तिच्या,” आजोबा म्हणाले, “बोलते की गो ही!”

मशीनचा दिवा लागला. मी आजोबांच्या तोंडाकडे बघितलं, पहिल्यांदाच इतक्या जवळून, आणि म्हणाले, “आजोबा, इकडे सरका. अंगठा धोतराला पुसा. आणि पूर्ण नाव तुम्ही सांगा, या वेळी मी विचारून लिहिणार आहे.”